तारेवरून चालणारे बटण आणि घरातला पिवळा फेज

संपादक महोदय,

‘स्मार्ट घर’ म्हटले की हल्ली वाय-फाय आणि मोबाईल एवढेच डोळ्यांसमोर येते. फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात मात्र दोन फूट जाडीच्या चिऱ्यांच्या भिंतींपुढे वाय-फायचा दम पडवीतच संपतो आणि कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) विहिरीपाशी मोबाईलची रेंजही नसते, त्यामुळे सिमकार्डावर चालणारा पंपाचा स्टार्टर आमच्या कामाचा नव्हता. पंपापर्यंत आधीपासून पोचलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे विजेची तार. त्याच तारेतून पंपाला निरोप पाठवता आला, तर पावसाळी रात्री छत्री आणि बॅटरी घेऊन निसरडा साकव ओलांडण्याची वेळ येणार नाही, या विचाराने मी गेल्या वर्षी तारेवरून चालणारा एक संच बसवून पाहिला.

ही कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये ‘एक्स-टेन’ नावाची पद्धत तयार केली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे व्होल्टेज सेकंदातून १०० वेळा शून्यावर येते. नेमक्या त्या शांत क्षणी सुमारे १२० किलोहर्ट्झचा, जेमतेम एक मिलिसेकंदाचा स्पंद तारेवर सोडायचा. स्पंद आला तर एक, नाही आला तर शून्य. १६ अक्षरे आणि १६ आकडे यांच्या जोड्यांतून २५६ उपकरणांना वेगवेगळे पत्ते देता येतात. पत्ता आणि आज्ञा दोनदोनदा पाठवली जात असल्याने पूर्ण निरोपाला जवळजवळ एक सेकंद लागतो, म्हणून बटण दाबल्यावर दिवा किंचित विचार करून पेटल्यासारखा वाटतो.

आमच्याकडे पहिल्या दिवशी दिवाणखान्यातल्या बटणावर देवघरातला दिवा लागला, पण पंप हलला नाही. दोन आठवडे मी संचालाच दोष देत राहिलो. शेवटी वायरमनने बोर्डातले कटआउट एकेक करून काढून पाहिले, तेव्हा दिवाणखाना लाल फेजवर आणि पंप पिवळ्या फेजवर असल्याचे उघड झाले. तीन फेजच्या जोडणीत एका फेजवर सोडलेला स्पंद दुसऱ्यावर जायचा तर त्याला बहुधा रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत यावे लागते आणि तेवढ्या प्रवासात त्याच्यात जीव उरत नाही. यावर फेज जोडणारा कपलर मिळतो, परंतु तो त्या कामासाठीच बनवलेला आणि स्वतःचा फ्यूज असलेला हवा, आणि बसवणाराही परवानाधारकच हवा. हाताशी आलेला कपॅसिटर दोन फेजमध्ये टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. आम्ही सोपा मार्ग धरला आणि बटणाचा संच स्वयंपाकघरातल्या पिवळ्या फेजच्या प्लगवर नेला.

त्यानंतर पंप सकाळी ऐकू लागला, पण दिवेलागणीनंतर पुन्हा बहिरा होई. कारण निघाले पडवीतले दोन स्वस्त एलईडी दिवे. त्यांच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे मंडल, तारेवर इतकी खरखर सोडत होता की तिच्यात स्पंद बुडून जाई. दिवे बदलले आणि तक्रार संपली. संगणकाच्या स्पाइक-गार्डमधील फिल्टर उलट रीतीने हेच करतो. तो बाहेरची खरखर गिळताना निरोपही गिळतो.

खरा धोका मात्र निराळा आहे. या जुन्या पद्धतीच्या साध्या संचांत निरोप एकाच दिशेने जातो आणि पंप बंद झाला की नाही याची पोच परत येत नाही. एका रात्री ‘बंद’ची आज्ञा वाटेतच हरवली आणि टाकीचे पाणी पहाटेपर्यंत कौलांवरून अंगणात वाहत राहिले. टाकी भरून वाहण्याऐवजी विहीर रिकामी झाली असती तर मोटरच जळाली असती. म्हणून आता टाकीत पाणी भरताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच आहे, विहिरीचे पाणी तुटले की मोटर थांबवणारे संरक्षण स्टार्टरमध्येच आहे, आणि तारेवरून येणारी आज्ञा फक्त स्टार्टरचा खटका ओढणाऱ्या कॉइलपुरती चालते. शेवटचा शब्द तारेवरच्या निरोपाचा असता कामा नये, असे माझे ठाम मत झाले आहे. पणजी-मडगावच्या सदनिकांत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: स्पंद मीटरपाशी थांबत नाही. शेजाऱ्याने तेच अक्षर निवडले असेल, तर त्याच्या बटणावर आपला पंखा फिरू शकतो.

न्यूझीलंडमध्ये वीजपुरवठादार अशाच तत्त्वावर, पण काहीशे हर्ट्झच्या संकेताने, मागणी वाढलेल्या वेळी घरोघरचे पाणी तापवण्याचे बंब कित्येक दशके बंद करत आले आहेत. भारतातल्या वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने स्मार्ट मीटरसोबत वेळेनुसार दर आणले आहेत. तेव्हा आपल्याकडेही गीझर कोणत्या वेळी चालावा हा प्रश्न घरोघर येणारच आहे.

माझी सूचना त्यापेक्षा लहान आहे. वायरिंगचे काम हाती घेणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराने कोणती खोली, कोणता प्लग आणि कोणता पंप कोणत्या फेजवर आहे याचा तक्ता बोर्डाच्या दारामागे चिकटवूनच बिल मागावे, आणि वीज खात्याने नवी जोडणी देताना तो तक्ता तपासावा. तारेवरचे संच विकणाऱ्यांनीही गिऱ्हाइकाला आधी फेज विचारावा. आमच्या घरी मी असा कागद लावला आहे. त्यात निळ्या फेजखालच्या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत, कारण माळ्यावरच्या दोन प्लगना वीज कुठून येते, हे आमच्या वायरमनलाही सापडलेले नाही.

आपला,
एक वाचक, फोंडा