माध्यमकलांची शाळा ठाण्यात हवी

महोदय,

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली चित्रपट शिक्षणसंस्था उभी राहिली आणि छायाचित्रण, संकलन, ध्वनी ही रीतसर शिकण्याची शास्त्रे आहेत हे मान्य झाले. २०२५ मध्ये मुंबईत सुरू झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज (आयआयसीटी) ही संस्था ॲनिमेशन, व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्ये) आणि गेमिंग शिकवते. आनंद आहे. पण घोडबंदर रस्त्याच्या परिसरात मराठी मालिकांची चित्रीकरणे होत असताना ठाण्यात अशी सार्वजनिक संस्था का नसावी?

ठाणे महापालिकेने पुढाकार घ्यावा. सुरुवात ध्वनीपासून करावी, कारण त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. माईक कुठे धरायचा, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न कसे टाळायचे, प्रसंग संपल्यावर त्या जागेचा नुसता शांत आवाज वेगळा का टिपून ठेवायचा, हे आज मुले सेटवर वरिष्ठांच्या मागे उभी राहून जमेल तसे शिकतात. संवाद नीट टिपले नाहीत, तर पुढे डबिंगचा खर्च वाढतो आणि अभिनयातला जिवंतपणाही जातो. प्रकाशयोजना व संकलनाचे वर्ग पाठोपाठ सुरू करता येतील.

वर्ग संध्याकाळी आणि मराठीतून असावेत. दिवसा नोकरी करणारी कळवा-मुंब्र्याची मुलेही मग येऊ शकतील. शुल्क मात्र त्यांना परवडेल एवढेच ठेवावे. प्रात्यक्षिकांसाठी गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह ही महापालिकेचीच आहेत. प्रयोग नसलेल्या वेळी ती या वर्गांना द्यावीत.

– एक वाचक, ठाणे