मिठाचं काम

वाई, बुधवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू सोमवारी निघणार होतीस, रविवारी संध्याकाळच्याच स्वारगेट गाडीने गेलीस. मी स्टँडवर आलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं, पण तुला कळलंच असेल.

पिंटूचं पोट साफ झालं का? फोनवर विचारलं की चिडतेस, म्हणून लिहितोय.

पाच वर्षांच्या पोराला ‘मुळा संपल्याशिवाय ताटावरून उठायचं नाही’ असं दरडावायला नको होतं. त्याने तो घास किती वेळ गालातच धरला होता, आणि मग ओकला. माझं चुकलं. त्याला सांग, आजोबा चुकले. पण शनिवारी सकाळी मी मोरीच्या बाहेर उभा होतो आणि आतून त्याचं रडणं ऐकत होतो, हे तुला ठाऊक नाही. दुखतं म्हणून तो धरून ठेवतो, धरून ठेवलं की खडा होतो, मग आणखी दुखतं. नानांचंही असंच सुरू झालं होतं. पुढचं लिहीत नाही.

आणि दिवसभर काय, तर बिस्किटं, मॅगी, वरणभात. डाव्या बाजूला लिंबाच्या फोडीशिवाय काही नाही! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची पत्रिका काढली, त्यात मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगितल्यात, बटाटा सोडून. हे तुला वाचून दाखवणार होतो. मग आईच्या जुन्या तराजूवर आठवडाभर माझंच वजन करून पाहिलं, म्हणजे माझ्या भाज्यांचं. एकदाही दीडशेच्या वर गेलो नाही. तेव्हा राहू दे.

तू तरी कुठे खायचीस? तिसरीपर्यंत कोशिंबीर हळूच माझ्या ताटात सरकवायचीस. आजोळी मात्र बाजरीतली वाळकं तोडून, फ्रॉकला पुसून, कराकरा खायचीस. घरात तीच काकडी कोचवून, कूट घालून वाढली की तोंड वाकडं. मी ओरडायचो. तुझी आई ओरडली नाही. तिने तुला मिठाचं काम दिलं. मीठ आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं, म्हणून पानं वाढली की शेवटी मीठ घालायचं, आणि ते फक्त सोनूनेच. दोनदा खारट केलीस. आम्ही दोघांनी मुकाट खाल्ली. तिसऱ्यांदा तू स्वतः चाखून पाहिलीस, ‘आता बरोबर’ म्हणालीस, आणि वाटी तुझ्याकडेच राहिली.

मी हे विसरलो कसा, कोण जाणे.

मुळा इतक्यात नकोच, उग्र लागतो. गाजर बारीक किसून दे, कच्चे तुकडे नकोत, घशात अडकतात. दही, चिमूटभर साखर, वरून तुपाची जिऱ्याची फोडणी. फोडणी नुसती चवीला नसते, स्निग्ध काही असलं की गाजरातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. मूगडाळ दोन तास भिजवून काकडीत घाल. जेवणाच्या आधी, भूक लागलेली असताना, एकच चमचा वाढ. नाही म्हणाला तर उचलून घे, उद्या पुन्हा वाढ. दहा-पंधरा वेळा वाढावं लागतं, तोवर मुलाला पदार्थ परकाच वाटतो. आणि पाणी पाज, चोथा वाढवून पाणी कमी पडलं तर उलटंच होतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नकोस. कोशिंबीर म्हणजे औषध नव्हे, हे मलाही कळतं.

बघ, पुन्हा सुरू झालो. तू नोकरी करतेस, घर चालवतेस, जावईबापू कुकर लावतात, पोळ्याही लाटतात. तुझ्या आईला हे पाहून किती बरं वाटलं असतं. तुला काही शिकवायला हा कागद घेतला नव्हता.

आईचा छोटा खलबत्ता वरच्या फळीवर सापडला. शनिवारी दादा पुण्याला येतोय, त्याच्याकडे देतो. दाणे भाजून, सोलून ठेवलेत. कूट पिंटूला करू दे. सांडेल, ओरडू नकोस. मिठाचंही त्याच्याकडेच दे.

पोट साफ झालं का तेवढं कळव. एक ओळ पुरे.

तुझा,
बाबा

ता.क. बीट दह्यात घातलंस तर मस्त गुलाबी होतं, त्याला आवडेल. पण दुसऱ्या दिवशी शी लाल झाली तर रक्त समजून घाबरू नकोस. तुझ्या वेळी मी तुला खांद्यावर टाकून अनवाणी दवाखान्यापर्यंत पळत गेलो होतो. आई मागून हाका मारत येत होती, ‘अहो, बीट! काल बीट होतं!’