चांद्र-उपकरणांच्या कॅलिब्रेशनचे महिने कापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चांद्रयान-5 ला मार्च 2025 मध्ये मंजुरी मिळाल्यापासून वर्तमानपत्रांत चंद्रमोहिमांवर बरेच छापून येते. चर्चा होते ती रॉकेटची, लँडरची आणि खर्चाची. ज्या वैज्ञानिक उपकरणांसाठी हा सगळा खटाटोप, ती घडतात कशी आणि त्यांचे वेळापत्रक नेमके कुठे फसते, याबद्दल फार थोडे वाचायला मिळते. राज्यातली महाविद्यालये आता स्वतःचे पेलोड (यानावर बसवायची उपकरणे) बनवायला पुढे येत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रस्ताव मंजूर झाल्यापासून यानावर चढेपर्यंत एकच उपकरण तीन-चार वेळा बनवावे लागते. आधी टेबलावरची जुळणी, मग वजन-आकार-वायरिंग खऱ्यासारखे असलेले इंजिनिअरिंग मॉडेल. त्यानंतर क्वालिफिकेशन मॉडेल. प्रत्यक्ष उड्डाणात अपेक्षित असतील त्याहून जास्त हादरे आणि जास्त तापमान देऊन याला मुद्दाम छळले जाते. शेवटी फ्लाइट मॉडेल, आणि पैसे उरले तर त्याची एक जादा प्रत. उशीर बहुतेक वेळा पहिल्या दोन टप्प्यांत होतो. डिटेक्टर परदेशातून यायचा असतो आणि निर्यात परवान्यात अडकतो. लँडरवरची ठरलेली जागा बदलते, की ब्रॅकेट (उपकरण बसवायचा आधार) नव्याने काढावा लागतो, त्याची कंपन-वारंवारता नव्याने मोजावी लागते. उड्डाणाची तारीख मात्र सहसा जागची हलत नाही. मग कात्री चालते ती शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे निर्वात कक्षातल्या उष्णता-चाचणीवर आणि कॅलिब्रेशनवर (घटक माहीत असलेल्या नमुन्यांशी उपकरणाचे आकडे ताडून पाहण्यावर). या दोन्हींना हात लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्याची कारणे तांत्रिक आहेत.

चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरवरचे एपीएक्सएस हे उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवले. त्यात क्युरियम-244 चे किरणोत्सारी स्रोत आहेत. त्यांतून निघणारे अल्फा कण आणि क्ष-किरण मातीवर पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडते आणि डिटेक्टर ते मोजतो. ऐकायला सोपे वाटते. पण मोजणीचा आकडा मातीपासूनच्या अंतरावर, मातीच्या कणांच्या आकारावर आणि स्रोताच्या त्या दिवशीच्या ताकदीवर अवलंबून असतो. क्युरियमचा अर्धायुकाल सुमारे 18 वर्षे, म्हणजे स्रोत वर्षाला जवळजवळ 4 टक्के क्षीण होतो. मोहीम दोन वर्षे लांबली तर जुने गणित तसेच वापरता येत नाही. शिवाय सोडियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम यांचे क्ष-किरण इतके कमी ऊर्जेचे, की काही सेंटिमीटर हवाही ते गिळून टाकते. त्यामुळे हे कॅलिब्रेशन उघड्या टेबलावर होऊच शकत नाही. रासायनिक घटक आधीच माहीत असलेला खडक कक्षात ठेवायचा, हवा काढायची, तासन् तास मोजणी करायची, हवा भरायची, नमुना बदलायचा, अंतर बदलायचे, पुन्हा हवा काढायची. महिने जातात ते यात. हे काम झाले होते म्हणूनच 103 मीटरच्या वाटेवर घेतलेल्या 23 मोजण्यांवरून दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या मातीत फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइटचे (चंद्राच्या उंचवट्यांवरच्या फिकट खडकाचे) प्राबल्य आहे, असे 2024 मध्ये छातीठोकपणे मांडता आले. कॅलिब्रेशन अर्धवट असते तर हाती नुसता आलेख उरला असता.

दुसरे उदाहरण त्याच मोहिमेच्या विक्रम लँडरवरच्या चॅस्टेचे, म्हणजे मातीचे तापमान मोजणाऱ्या उपकरणाचे. सडपातळ दांडी, तिच्यावर 10 तापमान-संवेदक, आणि तिला 10 सेंटिमीटरपर्यंत मातीत सारणारी मोटर. परक्या मातीत दांडी घुसवणे किती अवघड असते, हे त्याआधी दोनदा दिसले होते. 2014 मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानाची हातोडी कठीण पृष्ठभागापुढे थिटी पडली. मंगळावरच्या इनसाइट यानाचा ठोकत जाणारा खिळा काही मीटर खोल जायचा होता. मातीने त्याला पुरेसे घर्षणच दिले नाही, तो जागच्या जागी उसळत राहिला आणि जानेवारी 2021 मध्ये प्रयत्न सोडावा लागला. चॅस्टेने ठोकण्याऐवजी मोटरने हळूहळू आत सारण्याची पद्धत घेतली आणि ती यशस्वी झाली. पण खरी मेख पुढे आहे. चॅस्टेला पृष्ठभागाचे दुपारचे तापमान सुमारे 82 अंश सेल्सिअस मिळाले. साधारण एक मीटर अंतरावरच्या सपाट जागी ते 59 अंशांच्या आसपास होते. फरक कशाचा? लँडरची जागा सूर्याच्या दिशेने सुमारे 6 अंश उतरती होती. संवेदकांची मोजणी पक्की आहे ही खात्री नसती, तर 23 अंशांची ही तफावत उपकरणाच्या दोषावर ढकलून कोणीही मोकळे झाले असते. ती चंद्राबद्दलची माहिती ठरली, कारण उपकरणावर भरवसा ठेवता येत होता.

निर्वात कक्षाबद्दलही गैरसमज आहेत. तिथे नुसते ‘चालते का’ बघायचे नसते. हवा नसली की वाऱ्याने थंड होणारा सुटा भाग तापत राहतो, म्हणून त्याची उष्णता तांब्याच्या पट्टीने चौकटीपर्यंत न्यावी लागते. नेहमीचे ग्रीस उडून जाते आणि भिंगावर जाऊन बसते, म्हणून फिरत्या भागांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा लेप. गोंद आणि वायरचे आवरण निवडताना निर्वातात त्यांचे वजन 1 टक्क्यापेक्षा जास्त घटू नये आणि थंड पृष्ठभागावर साचणारा अंश 0.1 टक्क्याच्या आत असावा, हा जगभरचा दंडक आहे. उच्च दाबाची वीज लागणाऱ्या डिटेक्टरला तर हवा अर्धवट असतानाच सर्वाधिक धोका: पूर्ण हवेत ठिणगी पडत नाही, पूर्ण निर्वातातही नाही, मधल्या अवस्थेत पडते. उपकरणातला वायू पूर्ण बाहेर पडेपर्यंत स्विच दाबायचा नाही. ही शिस्त कक्षातच अंगवळणी पाडावी लागते.

आणि चंद्र सवलत देत नाही. 2008 मध्ये चांद्रयान-1 शंभर किलोमीटरच्या कक्षेत असताना यानाचे तापमान 50 अंशांजवळ पोहोचले. यान 20 अंशांनी वळवावे लागले आणि 11 उपकरणे असूनही काही आठवडे ती आळीपाळीने चालवावी लागली. दोन वर्षांची मोहीम ऑगस्ट 2009 मध्येच संपली. त्यावरच्या एम-3 या खनिजे तपासणाऱ्या उपकरणाने पाण्याच्या खुणा तोवर टिपल्या होत्या, हे आपले भाग्य.

खर्चाचा आणि वेळेचा अंदाज चुकला की काय होते, हे नासाच्या व्हायपर या चंद्रावरच्या रोव्हरने दाखवले. 433.5 दशलक्ष डॉलरचा अंदाज 609.6 दशलक्षांवर गेला आणि जुलै 2024 मध्ये, रोव्हर जोडून तयार असताना, प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली. त्या वेळी बाकी होत्या त्या मुख्यतः कंपनाच्या आणि निर्वातातल्या चाचण्या. पुढे त्या झाल्या आणि सप्टेंबर 2025 मध्ये रोव्हर चंद्रावर नेण्याचे काम ब्लू ओरिजिनकडे गेले, हे खरे. पण तोवर पहिले उतरण्याचे नियोजन पार कोलमडले होते.

आता आपल्याकडचे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने आदित्य-एल1 या सूर्यमोहिमेसाठी सूट ही अतिनील दुर्बीण उभी केली. 200 ते 400 नॅनोमीटरच्या प्रकाशात काम करायचे, म्हणजे सेंद्रिय वाफेचा पातळ थरही आरसा आंधळा करू शकतो. तेव्हा स्वच्छतेचे काटेकोर नियम कसे पाळायचे, हे पुण्यातच शिकता येईल. पुण्याच्याच एमआयटी-डब्ल्यूपीयू विद्यापीठाचा पेलोड डिसेंबर 2024 मध्ये पीएसएलव्ही-सी60 रॉकेटच्या पोएम-4 वर, म्हणजे कक्षेत प्रयोगांसाठी वापरलेल्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर गेला. ही पायरी उत्तम आहे. मात्र पृथ्वीच्या कक्षेत दिवस-रात्र दीड तासात उलटते, चंद्रावर चौदा दिवसांचे ऊन आणि तेवढीच रात्र. पोएमवर चाललेले उपकरण चंद्रावर चालेलच असे नाही. महाविद्यालयांनी प्रस्तावातच थर्मोव्हॅक (निर्वातातल्या उष्णता-चाचणीच्या) कक्षाचे दिवस, ते मिळण्याची रांग आणि जमिनीवर ठेवायची जादा प्रत यांचा खर्च धरावा. ही प्रत चैन नव्हे. चंद्रावरून विचित्र आकडा आला, तर तोच आकडा पृथ्वीवर काढून पाहण्याचा दुसरा मार्ग नसतो.

एक काम तर महाराष्ट्राने आजच हाती घ्यावे. चांद्रयान-2 साठी इस्रोने तमिळनाडूतल्या सित्तमपूंडीच्या अ‍ॅनॉर्थोसाइटपासून चंद्राच्या उंचवट्यांसारखी माती बनवली. चंद्राच्या सखल, काळ्या पट्ट्यांत मात्र बेसाल्ट आहे, आणि तो आपल्या दारात आहे. लोणारचे विवर तर बेसाल्टमध्येच आघाताने झालेले. तिथली आघात-काच (आघाताने खडक वितळून झालेली काच) क्वचितच कुठे मिळते. भूशास्त्र विभागांनी ताज्या बेसाल्टचे नमुने खाणींतून आणि रस्त्यांच्या कापांतून घ्यावेत. लोणार अभयारण्य असल्याने तिथे नव्याने खणू नये, संग्रहात आधीच असलेले नमुने वापरावेत. ते दळून, चाळून कणांच्या आकारानुसार वेगळे करावेत, किमान दोन स्वतंत्र प्रयोगशाळांकडून घटक तपासून घ्यावेत आणि क्रमांक देऊन संच तयार ठेवावा. क्ष-किरण किंवा अवरक्त उपकरण बनवणाऱ्या कोणत्याही गटाला कॅलिब्रेशनसाठी तो मागताक्षणी मिळायला हवा. मोठ्या यंत्रसामग्रीची यासाठी गरज नाही. राज्यातल्या दोन-तीन विद्यापीठांनी मिळून एका शैक्षणिक वर्षात पुरे करावे, एवढेच हे काम आहे.

आपला,
अंतराळ उपकरणांच्या चाचणीक्षेत्रातील एक वाचक,
पुणे