सरसकट शेडबंदीऐवजी गॅरेज आणि वर्कशॉप यांचे वेगळे नियम करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था (बंगले व रो-हाउस),
चिंचवड, पुणे

महोदय,

नोटीस बोर्डावरचं परिपत्रक वाचलं. ‘यापुढे कोणत्याही सभासदाने आवारात शेड, गॅरेज अथवा तत्सम बांधकाम करू नये.’ गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीत एका शेडमुळे जे झालं त्यानंतर समिती चिडली असेल तर नवल नाही. पण या एका वाक्यानं गाडी ठेवायचं गॅरेज आणि काम करायचं वर्कशॉप एकाच दावणीला बांधलं आहे. नियमांत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपली खरी अडचण त्या वेगळ्या न ठेवल्यामुळेच झाली.

माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. उभी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये गेली. आता घराच्या मागच्या कोपऱ्यात गाडीपुरतं गॅरेज, आणि त्यातच एका भिंतीशी व्हाइस (लोखंड पकडायचा शिकंजा) बसवलेलं टेबल हवं आहे. रीतसर अर्ज करणार आहे, म्हणूनच नियम नीट वाचून काढले.

गॅरेज कशाला म्हणायचं हे आता मोघम राहिलेलं नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्यात व्याख्याच आहे : डोक्यावर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. खांबांवरचं उघडं छप्पर म्हणजे गॅरेज नव्हे. स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या तळाशी खांबांमधली मोकळी जागा ‘गॅरेज’ म्हणून बिल्डरला वेगळी विकता येते का, हा वाद २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयानं ‘नाही’ म्हटलं, ते आपल्यापैकी फ्लॅट सोडून इथे आलेल्यांना आठवत असेल. मापांचं म्हणाल, तर एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे गॅरेजची उंची कुठेही २.४ मीटरपेक्षा कमी नको, जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर वर हवं, आणि रस्त्याच्या बाजूला इमारत रेषेच्या, म्हणजे बांधकामाला ठरवून दिलेल्या हद्दीच्या पुढे यायचं नाही.

खरी मेख एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती क्षेत्र बांधता येतं त्या हिशोबात आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये धरत नाहीत. वर्कशॉपचं धरतात. म्हणजे नकाशात ‘पार्किंग’ दाखवून बांधलेल्या खोलीत उद्या लेथ बसवलं, तर वाढीव बांधकाम तर झालंच, शिवाय वापरातला बदलही झाला. १९६६ च्या नगररचना कायद्यात ‘विकास’ या शब्दात वापरातला बदलही येतो, त्यालाही परवानगी लागते. ‘भिंत तर जुनीच आहे, आत काय ठेवतो ते माझं मी बघीन’ हे म्हणणं टिकत नाही.

मग घरात हत्यार हातात धरायचंच नाही का? तसंही नाही. निवासी विभागात घरगुती व्यवसायाला याच नियमावलीत मुभा आहे. घरच्याच माणसांनी करायचा, पगारी कामगार ठेवायचा नाही, आणि मोटार वापरली तर एकूण विजेचा भार ०.७५ किलोवॅट, म्हणजे १ हॉर्सपॉवरच्या वर जाऊ द्यायचा नाही. माझं हँड ड्रिल ६०० वॅटचं आहे, ते यात बसतं. २ हॉर्सपॉवरची कटिंग मशीन बसत नाही. वेल्डिंग सेट आणि दोन पोरं ठेवून गेट-ग्रिलची ऑर्डर घेणं तर मुळीच नाही. ही अट व्यवसायासाठी लिहिलेली आहे हे खरं. पण हौशी माणसालाही संस्थेनं तीच लावावी असं माझं मत आहे. शेजारच्याच्या कानाला हौस आणि धंदा यातला फरक कळत नसतो.

आवाजाचंही तेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी सरासरी आवाजाची मर्यादा आहे. ऐरणीवरचा हातोडा सरासरीत बसेलही, दुपारी झोपलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र बसत नाही. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४ ते ७ एवढी वेळ ठरवली आणि रविवारी सकाळ सोडली, तर कोणाचीच तक्रार राहू नये.

आता मागच्या गल्लीतल्या शेडबद्दल. मी तिथे स्वतः उभा होतो, म्हणून लिहितो. पत्रे लोखंडी पाइपवर टाकले होते आणि उतार शेजारच्या कंपाउंडकडे. पन्हळ नाही. पावसाचं पाणी सरळ शेजारच्या भिंतीवर, तिथून त्यांच्या बेडरूमच्या आतल्या प्लास्टरमध्ये. मंजूर नकाशात बाजूचा मार्जिन, म्हणजे घर आणि कंपाउंडमध्ये मोकळी सोडायची जागा, दीड मीटर आहे. शेडखाली त्यातलं काही उरलं नव्हतं. पण घोळ खालच्या बाजूनं झाला. ड्रेनेजचा चेंबर नेमका त्या मार्जिनमध्ये होता आणि त्यावर फरशी बसवून टाकली होती. जुलैत लाइन तुंबली, मैला शेजारच्या मोरीतून वर आला, आणि प्लंबर हातोडीनं फरशी वाजवत झाकण कुठे आहे ते शोधत बसला. शेवटी ब्रेकर लावून तीन ठिकाणी फोडल्यावर सापडलं. गाडी आत चढावी म्हणून केलेला सिमेंटचा उतार पुढच्या पावसाळी गटारावर आला होता, त्यामुळे रस्त्यावरचं पाणी तिथेच अडत होतं. तो उतार ब्लेडनं कापून जाळी बसवायला संस्थेचा पैसा गेला.

यातला एकही दोष ‘शेड’ या वस्तूचा नाही. मार्जिन, पन्हळ, चेंबर, गटार या चार गोष्टी आधी कोणी पाहिल्या असत्या तर ते शेड उभं राहिलंच नसतं, किंवा दुसरीकडे नीट उभं राहिलं असतं. आणि शेडच्या मालकांनी तोंडी का होईना, समितीला विचारलं होतं. तोंडीच ‘बघा’ असं उत्तर मिळालं होतं.

इथे समितीच्या अधिकाराबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, राग नसावा. आपली संस्था टेनंट-ओनरशिप प्रकारची आहे. जमीन संस्थेची, घरं सभासदांची. म्हणून बांधकामाच्या अर्जासोबत महापालिका संस्थेची एनओसी (ना-हरकत पत्र) मागते. पण एनओसी म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. महापालिका जे मंजूर करणार नाही ते समितीला चालवून घेता येत नाही, आणि जे नियमात बसतं ते सरसकट बंद करायचं तर एका परिपत्रकानं भागत नाही. तो निर्णय उपविधींना धरून सर्वसाधारण सभेतच व्हायला हवा.

काही सभासदांनी ऐकलं आहे की दीडशे चौरस मीटरपर्यंत आता परवानगीच लागत नाही. अर्धं खरं आहे. छोट्या भूखंडांसाठी प्रक्रिया सोपी केली आहे, पण नकाशा द्यावाच लागतो, शुल्क भरावंच लागतं, आणि मार्जिनमध्ये कसलीही सूट नाही. विनापरवाना बांधकामाला कायद्यात दोन ते पाच हजार रुपये दंड आहे, तो कोणाला फुटकळ वाटेल. त्याच कलमात एक महिना ते तीन वर्षं कैदही आहे हे वाचलेलं बरं. आणि शास्तीकर म्हणजे काय हे पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाला समजावून सांगायला नको. अनधिकृत बांधकामावरची मिळकतकराच्या दुप्पट आकारणी वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन लोक मोर्चे काढत होते. २०२३ मध्ये जुन्या बांधकामांपुरती माफी मिळाली. नव्या शेडवाल्यांनी त्या भरवशावर राहू नये.

तेव्हा विनंती अशी की हे परिपत्रक मागे घ्यावं आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर गॅरेजचा विषय घ्यावा. माझ्या मते ठराव एवढाच पुरे : गॅरेजसाठी अर्ज आला की आर्किटेक्टचा नकाशा मागावा, त्यावर मार्जिन, पन्हळीचा उतार आणि सगळे चेंबर दाखवलेले असावेत, आणि एनओसीत ‘वापर वाहनासाठी, वर्कशॉप म्हणून नाही’ असं लेखी असावं. टेबल आणि हातहत्यारं चालतील; १ हॉर्सपॉवरच्या वरची मशीन, पगारी माणूस, वेल्डिंग आणि थिनर-पेट्रोलचा साठा चालणार नाही. उतार स्वतःच्या गेटच्या आतच संपला पाहिजे. पावसाळ्यापुरतं प्लास्टिक बांधणाऱ्यांना यात ओढू नये, पण त्यांनीही दिवाळीच्या आत ते उतरवावं.

अजून एक. नवीन नियम करताना जुनी छपरंही मोजावीत. समितीतल्या दोन सदस्यांच्या बंगल्यांतही मार्जिनवर पत्रे आहेत. ती मोजणीतून सुटली तर उद्या कोणी नकाशा घेऊन तुमच्याकडे येणार नाही, सगळे ‘बघा’ ऐकायलाच येतील.

मोजणीचा दिवस कळवावा. टेप धरायला मी येईन. माझ्याकडे ३० मीटरचा आहे.

आपला,
बंगला क्र. १४ चा सभासद

सोबत : मंजूर नकाशाची प्रत, चेंबरच्या जागा लाल शाईनं दाखवून