कोल्हापूरच्या काकांना, गाडी रस्त्यावर आली म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गाडी रस्त्यावर आली. नंबर प्लेट लागली, विमा झाला, आणि फोटो पाहून मित्रमंडळी मला शाबासकी देतायत की पठ्ठ्यानं घरच्या गॅरेजात एकट्यानं स्पोर्ट्स कार बांधली. मी एकट्यानं बांधलेली नाही. फोनवर तुमचे आभार मानता आले असते, पण कौतुक चारचौघांत होतंय तर तुमचा वाटाही चारचौघांतच सांगायला हवा. म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी खुलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. काकांची सारी हयात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फिटर म्हणून गेली. त्यांची लेक इथे इंग्लंडमध्ये आमच्या मागच्याच गल्लीत राहते. तिच्याकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर ते आले, तेव्हा माझ्या गॅरेजात केटरहॅम सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारचं किट, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, नुकतंच येऊन पडलं होतं. नळ्यांची चासी, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, फोर्डचं १.६ लिटरचं इंजिन, आणि बाकी सगळी खोकीच खोकी.

“तयार बी मिळती म्हणतोस, मग सुटी कशाला घेतलीस?” असं तुम्ही विचारलं होतंत. तेव्हा मी तुम्हाला या गाडीचा इतिहास सांगितला. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं ती काढली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स बसायचा, सुट्या भागांवर नाही. म्हणून लोक किट नेऊन घरी जोडायचे. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क लोटसकडून केटरहॅमकडे गेले. कराचं कारण उरलं नाही, तरी लोक अजून जोडतायत. तुम्ही ऐकून घेतलंत, म्हणालात, “म्हंजे हातानं करायची हौस हाय. मग बेस हाय,” आणि बाह्या सारल्यात.

सुरुवातीला तुम्ही पान्ह्याला हातच लावला नाहीत. आधी नट-बोल्ट निवडायला बसलात. या किटमध्ये काही बोल्ट इंची आट्यांचे, काही मिलिमीटरचे. जुन्या ऑइल इंजिनांवर हात बसलेला, त्यामुळे तुम्ही नट दोन बोटांत फिरवूनच कुठला ते सांगायचात. आमच्या घरातले श्रीखंडाचे रिकामे डबे त्या कामी आले. माझ्या लेकीनं प्रत्येकावर माप लिहिलं. पुढे बोल्ट हुडकण्यात कधी वेळ गेला नाही आणि एकाचेही आटे चढले नाहीत. त्यामागे ती दुपार होती.

पण खरी गोष्ट डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीची. तो जड लोखंडी गोळा चासीच्या मागच्या पिंजऱ्यात बरोबर मध्यावर बसवायचा असतो. वरच्या लांब बोल्टवर दोन्ही बाजूंनी वायसर भरून तो मध्ये आणायचा. जागा इतकी अडचणीची की बोटं आत जात नाहीत. मी पहार लावल्यासारखा जोर लावायला तयार होतो. तुम्ही तो बोल्ट बाहेर काढायला लावलात. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, घेऊन दोन्हीकडची फट मोजलीत, वायसर एकेक करून मोजलेत, कारण एका डब्यातले वायसर सारख्या जाडीचे असतीलच असं नाही. मग त्यांची चळत ग्रीसनं चिकटवून एक करून सरकवलीत. पुन्हा माप. पुन्हा बाहेर. संध्याकाळ त्यातच गेली, आणि शेवटी बोल्ट हातोडीशिवाय, तळहाताच्या दाबानं आत गेला. “मापात असलं की जोर लागत न्हाई,” तुम्ही म्हणालात. हे वाक्य मी आता ऑफिसातही वापरतो.

पुढची चाकं चासीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे विशबोनचे, बोल्ट मला लगेच आवळून मोकळं व्हायचं होतं. ते नुसत्या बोटांनी फिरवून सैल ठेवायला तुम्ही सांगितलंत. गाडी चाकांवर उभी राहून वजनानं बसली, की मगच शेवटचा टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या मापानं आवळायचं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर सांध्यातल्या बुशाचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माहितीपुस्तकातही तेच लिहिलेलं निघालं. तुम्ही मात्र ते इंग्रजी पुस्तक उघडलंही नव्हतं. ड्रायव्हरच्या वजनासाठी आम्ही सीटच्या जागी तांदळाच्या पिशव्या रचल्या, हे बायकोला आजही सांगून हसू येतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून एकदमच आत उतरवायचे असतात, तिरके धरून. भाड्याच्या क्रेनचा दांडा तुमच्याकडे होता आणि मी चासीजवळ. नळ्यांच्या रंगाला ओरखडा नाही. ब्रेकची हवा काढतानाही तसंच: माझी लेक पेडल दाबून धरायची, तुम्ही चाकाजवळचं हवा काढायचं निपल सोडायचात आणि “धर… सोड” एवढंच ऐकू यायचं.

टॉर्क दिल्यावर प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारायची सवय तुम्ही लावलीत. रेघ नाही म्हणजे बोल्ट आवळलेला नाही, मग कुणी काहीही म्हणो. तुम्ही मे महिन्यात परत गेलात आणि त्यानंतरचं काम त्या रेघांच्या भरवशावर पुढे गेलं. कुठे थांबलो होतो ते मला कधी आठवावं लागलं नाही.

तुम्ही गेल्यावर सरकारी तपासणी उरली होती. घरी बांधलेली गाडी इथे आयव्हीए नावाच्या परीक्षेतून जाते. ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज, सगळं बघतात. सगळ्यात कसून बघतात त्या कडा. बाहेरच्या भागात शंभर मिलिमीटरचा गोळा जिथे टेकू शकतो, तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला लागणार नाही. त्या कडा कानशीनं घासल्या. कानस धरायची पद्धत माझ्या लेकीनं तुमच्याकडून उचलली आहे. दोन्ही हात, पुढे जाताना दाब, मागे येताना सुटी. जिथे घासून भागत नव्हतं तिथे रबराची पट्टी बसवली, आणि गाडी पास झाली. सगळे भाग नवे असल्यामुळे चालू वर्षाची नंबर प्लेटही मिळाली. तपासनीस खाली वाकून पिवळ्या रेघा बघत होते. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी तुमचं सांगितलं. शिवाजी उद्यमनगर कुठे, तेही सांगितलं.

गाडी साधारण साडेपाचशे किलोची. छोटं इंजिनसुद्धा तिला उचलून पळवतं. वळणावर स्टीअरिंगमधून रस्त्याची खडी कळते. मागून डिफरन्शियलचा आवाज येतो, पण थरथर अजिबात नाही. याबद्दल मी तुमचे किती आभार मानू?

तुम्ही मजुरीचा विषय काढू दिला नाहीत. काकू गावी एकट्या असताना तुम्ही इथली सुट्टी माझ्या थंड गॅरेजात घालवलीत, आणि तुमच्या लेकीच्या घरी ग्रीसचे हात घेऊन जेवायला गेलात. याची जाणीव मला आहे. काकूंनाही माझा नमस्कार सांगा आणि हे पत्र वाचून दाखवा.

तुमच्या लेकीनं, म्हणजे ताईंनी सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा यायचं चाललंय. शेजारची सीट तुमची. तोवर पहिल्या सर्व्हिसची वेळ होईल. सगळ्या रेघा पुसून बोल्ट पुन्हा तपासायचेत. व्हर्निअर तुमचंच आणा, माझ्याकडच्यावर तुमचा विश्वास बसला नव्हता ते मला माहीत आहे.

तुमचा,
मागच्या गल्लीतला