तुझा तास ऐकला

चि. मन्या,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं, धंदा कसा सुरू करायचा यावरच्या तुझ्या तासाचं रेकॉर्डिंग काल ऐकलं. दोनदा. रविवारी फोनवर जे बोलले त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

बोलतोस छान. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. स्टॅनफर्डच्या टर्मन सरांचे दोन विद्यार्थी, १९३९ साल, गॅरेजात बनवलेला ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक सुराचा सिग्नल काढणारं यंत्र, आणि त्याचा सिग्नल स्थिर ठेवायला आत चक्क एक छोटा दिवा! बाबा हे ऐकून तासभर बोलत बसले असते. मी मात्र अडकले किमतीपाशी. ५४ डॉलर ४० सेंट, कारण काय, तर एका जुन्या घोषणेतला आकडा आठवला. खर्चाचा हिशेब नाहीच. मग कळलं की तेवढ्या पैशात यंत्र बनवणं परवडतच नाही. तुझी मुलं इथे हसली. मला नाही हसू आलं.

बाबा पाण्याच्या टाकीसाठी विजेची पेटी बनवून विकायचे, तिची किंमत त्यांनी अशीच काढली होती. तार धरली, रिले म्हणजे आतला विजेचा स्विच धरला, पत्र्याचा डबा धरला. स्वतःची मजुरी नाही धरली. माझी तर नाहीच नाही. तरी पेट्या खपल्या रे! वहीत नफा दिसायचा. पण येणं ९० दिवसांनी आणि रिलेवाल्याचं देणं ८ दिवसांत. मधले ८२ दिवस आम्ही व्याजाने आणले. वसंताने कर्जाला जामीन राहायला नकार दिला तो त्याच वर्षी. आता मला त्याचा राग नाही.

म्हणून तेवढं शिकव त्यांना. कल्पना काढतील, मॉडेल बनवतील, परीक्षकांपुढे दहा मिनिटं फाडफाड बोलतीलही. पण आठवड्या-आठवड्याचा येण्या-देण्याचा तक्ता करायला लाव, आणि रोकड संपते तो आठवडा लाल शाईने लिहायला. बाहेर पाठव, अनोळखी माणसाकडे खरे पैसे मागू देत. ‘छान आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. बाबा वसुलीला जायचे आणि गप्पा मारून परत यायचे.

आणि हातातली नोकरी सोडा असं सांगू नकोस. शेवटच्या वर्षाची मुलं, सरांचं बोलणं मनावर घेतात. बघ, आलेच पुन्हा तिथे. माफ कर. वर्ग कसा घ्यायचा हे तुला मी काय सांगणार.

त्या मुलीने विचारलं ना, “सर, तुम्ही स्वतः काही सुरू केलंय का?” तू हसलास. मग नुसता पंख्याचा आवाज. पुढे तू हळूच काहीतरी म्हणालास, ते मला नीट ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ऐकलं ते त्यासाठीच.

तू सोडणार आहेस का नोकरी?

बाबांच्या हिशेबाच्या वह्या माळ्यावर आहेत, टाकलेल्या नाहीत. वर्गात दाखवायला हव्या असतील तर खुशाल ने. दुसऱ्या कशासाठी हव्या असतील, तर आधी मला फोन कर.

तुझी,
आई