मनू, तुझ्या त्या फॉर्ममध्ये एक ओळ राहिलीय

मनू,

काल फोनवर तू म्हणालीस की गुरुवारी रात्री कात्रजच्या जुन्या घाटात शूट आहे, पहाटे चारला पॅकअप आणि मग तसंच गाडीवरनं हॉस्टेलला, आणि मी काहीतरी बोललो, आणि तू म्हणालीस अप्पा प्लीज लेक्चर नको, आणि फोन ठेवलास. राग नाही आला मला. पण फोनवर माझा आवाज चढतो हे आईपण म्हणते, म्हणून लिहितोय. घाटाबद्दल एकच वाक्य लिहिणार आहे, रात्रभर जागून गाडी चालवू नकोस. झालं. आता फिल्मबद्दल, कॉलेजसाठी हितं सोलापुरात लूमच्या (यंत्रमागाच्या) शेडमध्ये केलेलं ते थ्रिलरचं दोन मिनिटांचं ओपनिंग, कारण तू हितं होतीस तेव्हा तुझी धावपळ आणि माझी ड्युटी यातच सगळे दिवस गेले, बोलणं झालंच नाही.

रात्री परत बघितली. मोबाईलवर नाही, केबल आणून टीव्हीला जोडली, आवाज मोठा केला. आई, मी आणि वरच्या मावशी. पहिल्यांदा कुलूप दिसतं, बाहेरनं लावलेलं, आणि मग आतनं लूम चालू झाल्याचा आवाज येतो, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, अगं बाई आत कोण हाय? एक शब्द डायलॉग नाही, कोणी काही सांगितलेलं नाही, आणि ती बाई तोंडाला पदर लावून बसली. तू म्हणाली होतीस ना की ओपनिंग म्हणजे अख्खा पिक्चर नव्हे, दोन मिनिटांत फक्त प्रश्न टाकायचा आणि उत्तर दाबून ठेवायचं. पहिल्या वेळी तू आत लूम चालवणाऱ्या माणसाचा चेहराच दाखवला होतास आणि वर्गातल्या पोरांना दाखवल्यावर कोणाला भीतीच वाटली नाही, तेव्हा तू किती नाराज झालेलीस. मग चेहरा काढलास आणि नुसता हात ठेवलास, लूमच्या धोट्यात सुताची कांडी घालणारा. तो हात कोणाचा आहे हे मला माहीत आहे, त्या पोराला मी स्वतः कांडी कशी भरायची ते शिकवलं, तरी माझ्या अंगावर काटा आला बघ.

आणि ते ट्यूबलाइटचं. पहिल्या रात्रीचं शूटिंग लॅपटॉपवर बघताना पडद्यावर काळे पट्टे सरकत होते आणि तुम्ही सगळे कॅमेरा बिघडला म्हणून तोंड पाडून बसला होता. मी चहा घेऊन आलो आणि म्हटलं, अगं आपली लाइन ५० सायकलची, चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळत असणार. तुमचं शटर १/६० वर होतं. १/५० वर आणलंत, फ्रेम २५ केल्यात, पट्टे गेले. एवढी वर्षं मी वायरमनकी करतोय, ते ५० सायकल मीटरवर रोज बघतो, पण त्याचा पिक्चरशी संबंध येतो हे तुझ्यामुळं कळलं, आणि तू पोरांना सांगितलंस "माझ्या अप्पांनी शोधलं", ते मी दारातनं ऐकलं बरं का.

नंतर तर तू सगळ्या ट्यूबा बंदच केल्यास. एकच एलईडी, त्याला बटर पेपर लावून, लूमच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर. मला वाटलं आता काही दिसणारच नाही. आणि दिसलं काय तर भिंतीवर लूमवर ताणलेल्या ताण्याच्या धाग्यांची सावली, उभ्या उभ्या रेषा, तुरुंगाचे गज असावेत तशा. मी त्या शेडमध्ये किती वेळा गेलोय, ती भिंत अशी कधी बघितली नव्हती. आणि खडूनं जमिनीवर रेघ मारलीस, कॅमेरा ह्या रेघेच्या ह्याच बाजूला राहील, ओलांडला की पडद्यावर दोघं समोरासमोर बघतायत असं वाटायचं बंद होतं, डावा उजवा होतो. मग तो उंच पोरगा सारखा ओलांडत होता आणि तू त्याच्यावर ओरडत होतीस. अगदी तुझ्या आज्जीचा आवाज.

सुट्टीच्या दिवशी सगळे लूम बंद असताना तू सगळ्यांना म्हणालीस एक मिनिट कोणी हलायचं नाही, नुसत्या रिकाम्या शेडचा आवाज रेकॉर्ड करायचाय. शेडच्या मालकांचे वडील दारात आले, त्या रेकॉर्डरवाल्या पोराला म्हणाले, काय करलालास बे हितं? आणि तू तोंडावर बोट ठेवलंस, त्या म्हाताऱ्या माणसाला! आणि ते गप्प उभे राहिले. नंतर तूच त्यांना समजावून सांगितलंस की दोन शॉट जोडताना मधे आवाज एकदम मेला की कानाला तो जोड कळतो, म्हणून खालनं हा रिकाम्या खोलीचा आवाज पसरून ठेवतात. त्यांना पटलं. मलापण. सोलापूरच्या पूर्व भागात राहून लूमशिवायची शांतता ऐकायला मिळत नाही कधी, त्या दिवशी ऐकली, पत्र्यावर कबुतरं चालत होती.

आई म्हणतेय बटणाचं लिही. लिहितो. तिनं पहिल्यांदा बघताच ओळखलं होतं, लांबच्या शॉटमध्ये शर्टचं वरचं बटण उघडं, किल्ली फिरवतानाच्या जवळच्या शॉटमध्ये लावलेलं. दिवसभर गणवेशाचे शर्ट चेकिंगला असतात तिच्याकडं, तिच्या नजरेतनं सुटणार नाही. तू चिडलीस आधी, मग रात्री अकराला परत पोरांना गोळा करून तेवढाच शॉट घेतलास, हात वळतो तिथंच जवळचा शॉट लागला पाहिजे म्हणून तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून. आता तो जोड शोधून सापडत नाही. हे तुला कोणी शिकवलं असेल तर कॉलेजनं आणि आईनं, दोघांनी मिळून.

आणि तळ्याचा शॉट. सिद्धेश्वर तळ्यात देवळाचे दिवे, किती सुंदर घेतला होतास, त्यासाठी किती थांबलात तुम्ही तिथं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की फिल्मची सुरुवात तळ्यानं आहे. आणि तू काढून टाकलास. मी विचारलं तर म्हणालीस, अप्पा छान आहे पण तो भीतीच्या आधी शांत करतो, ह्या गोष्टीत त्याचं काम नाही. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. काल टीव्हीवर बघताना कळलं, कुलपावरनंच सुरू व्हायला पाहिजे होतं. स्वतःला आवडलेली गोष्ट कामासाठी बाजूला ठेवायची हे मला तरी तुझ्या वयात जमत नव्हतं.

नावं पण चांगली केलीस. आधी ती रक्त ठिबकणारी लाल अक्षरं होती, ती घालवून चादरींच्या गठ्ठ्यावर स्टेन्सिलनं ठसा मारतात तशी काळी अक्षरं. हे सोलापूरच्या पोरीलाच सुचणार. त्यात "प्रकाश साहाय्य" म्हणून माझं नाव आहे. आईनं तिथं टीव्ही थांबवून फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला, मी नको म्हणत होतो.

आता बघ, तू मला हिचकॉकचं सांगितलं होतंस. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि दोघं गप्पा मारतायत. प्रेक्षकाला बॉम्बचा पत्ताच नसेल तर फुटल्यावर १५ सेकंद दचकतो, संपलं. पण आधीच माहीत असेल तर तीच साधी गप्पा १५ मिनिटं त्याचा जीव टांगणीला लावते, तो मनात म्हणत राहतो, अरे उठा तिथनं. मनू, गुरुवारचं तू मला सांगितलंयस. न सांगता गेली असतीस तर मी झोपलो असतो. आता मला माहीत आहे. तू सांगितलंस हे चांगलंच केलंस, यापुढंपण सांगत जा, पण मग मी फोन करणार हे धरून चाल.

मी एकच वाक्य लिहिणार होतो ना. राहवत नाही.

तुझा तो धोक्याचा फॉर्म मी वाचला होता, शूटच्या आधी कॉलेजला भरून द्यावा लागतो तो, तू टेबलावर ठेवला होतास. वायरमध्ये पाय अडकून पडणं, तर वायर टेपनं जमिनीला चिकटवणार. ओढणी लूमच्या पट्ट्यात जाणं, तर ओढणी काढून ठेवणार आणि मेन स्विच बंद असल्याशिवाय कोणी लूमला हात लावणार नाही. लाइट तापणं. मालकांची परवानगी. जवळचा दवाखाना कुठला. प्रत्येक धोक्यापुढं जबाबदार कोण त्याचं नाव. मी एवढी वर्षं कारखान्यांत काम केलंय, इतका नीट कागद फार थोड्या ठिकाणी बघितलाय, खरंच सांगतो. पण त्यात झोपेची ओळ नाही. पडणं आहे, शॉक आहे, आग आहे, आणि शूट संपल्यावर पहाटे घरी कोण कसं जाणार, त्याआधी किती तास जागं आहे, ते नाही. फॉर्म पॅकअपला संपतो.

आम्हाला सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, सलग २४ तास जागलेला माणूस आणि रक्तात ०.१० टक्के दारू असलेला माणूस, हात आणि डोकं साधारण सारखंच चालतं दोघांचं. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा ०.०३ टक्के. म्हणजे तिपटीहून जास्त. तू दारू पिऊन गाडीला हात लावणार नाहीस, मला खात्री आहे, मग हे का चालतं? आणि डुलकी लागते ती कळत नाही ग. चार सेकंद डोळा मिटला, गाडी ४० च्या स्पीडला असली तर ४४ मीटर गाडी आपोआप गेलेली असते. घाटात ४४ मीटरमध्ये वळण येतं.

अण्णाकाकाचं तुला माहीत आहे, परत लिहीत नाही. तिसरी पाळी संपवून निघाला होता एवढंच. त्या आठवड्यात दोन माणसं आली नव्हती म्हणून त्यानं डबल पाळी केली होती आणि सगळ्यांना म्हणत होता मला सवय आहे. सकाळी साडेसहाला हैदराबाद रोडवर, लख्ख उजेड, रस्ता मोकळा, समोर कोणी नाही. आज्जी शेवटपर्यंत विचारायची, समोर कोणी नव्हतं तर पडला कसा. तुझे आजोबा उत्तर द्यायचे नाहीत. ते जुन्या मिलमधले, भोंग्यावर उठणारे, झोप म्हणजे आळस असं त्यांच्या पिढीचं, तेच अण्णाच्या डोक्यात होतं आणि थोडं माझ्या पण आहे आणि तुझ्यात आलंय ते दिसतं मला. इथं शेवटच्या रात्री सकाळपर्यंत एडिटिंग करत बसलीस आणि तशीच स्टेशनवर, डोळे लाल, आणि मला म्हणालीस अप्पा मला सवय आहे. तेच शब्द. मी तेव्हा काही बोललो नाही, गाडी सुटत होती.

हे लेक्चर झालं, सॉरी बाळ. तू मुलगी आहेस म्हणून रात्रीचं नको असं मी म्हणत नाहीय, ते आत्या म्हणते, मी नाही. रात्री शूट कर, घाटात कर, बोगद्यात कर, थ्रिलरला अंधार लागणारच. आपल्या जिल्ह्यातनं, करमाळ्याकडच्या जेऊरमधनं, नागराज मंजुळे गेले आणि किती मोठं काम केलं, तू पण करशील असं मी लोकांना सांगतो, तुझ्यासमोर सांगत नाही कारण तुला अवघडल्यासारखं होतं. शेडमध्ये दहा पोरं तुझ्या एका शब्दावर हलत होती, आणि जेवायच्या वेळेला तू आधी लाइट धरणाऱ्याला ताट दिलंस. ते बघून आईला रडू आलं, तिनं सांगितलं नसेल तुला.

फक्त त्या फॉर्ममध्ये एक ओळ घाल. "रात्रीचं जागरण, परतीचा प्रवास." पुढं काळजी काय घेणार ते लिही आणि जबाबदार कोण तिथं एक नाव लिही, आणि ते नाव त्या माणसाचं असू दे जो त्या दिवशी दुपारी झोपून आलाय आणि रात्री शूटमध्ये दुसरं काही करणार नाहीय. किंवा पॅकअपनंतर तिथंच सगळे सात वाजेपर्यंत थांबा, उजाडल्यावर चहा पिऊन निघा. नाही, अण्णाचं लिहूनसुद्धा मी हे काय सांगतोय, उजेडाचा काही उपयोग नाही. झोप पाहिजे.

बाकी इकडं ऊन वाढलंय. पाणी काल यायचं होतं, आज पहाटे आलं, आई तीनपासून उठून बसली होती. मालकांनी फिल्मची लिंक मागितलीय, नातवाला दाखवायचीय म्हणे, पाठव त्यांना. शेंगाचटणीचा मोठा डबा पोरांसाठी आहे, छोटा तुझा, उलटं करू नकोस. आवाजाचं एक राहिलं, शेवटी लूम बंद पडतो तिथं तू आवाज हळूहळू कमी केलायस, खरा लूम तसा थांबत नाही, एक दणका बसतो आणि थांबतो, पाहिजे तर मी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवतो, नीट पाठवतो, शेडचा पंखा बंद करून.

गुरुवारसाठी ड्रायव्हरसकट गाडी भाड्यानं करा, मी तुला ३००० रुपये जीपे केलेत. ते लेन्सच्या भाड्यात घालू नकोस. कमी पडले तर सांग, आणि ड्रायव्हरचा नंबर बुधवारीच पाठव, तो दुपारी झोपला का ते मी त्यालाच विचारतो.

अप्पा